मनाच्या कुणाच्या?

वळणावरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना लोक 'ताकदवाले' म्हणत. अंग मोडून आलंय, जेवण जात नाही, छातीत धडधडतंय, तक्रार काहीही असो, डॉक्टर ताकदीचं लाल इंजेक्शन टोचून मोकळे! त्याने कुणाचं वाईट झालं नाही नि भलंही नाही. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. पण दाराबाहेर रांग लागलेली असताना खोलात कोण शिरणार?

मग वरून हुकूम आला की साध्या डॉक्टरांनीही मनाचे आजार ओळखायला शिकायचं. डॉक्टर डुलक्या काढायच्या तयारीनेच प्रशिक्षणाला गेले. तिथले तज्ज्ञ म्हणाले, "वर्षानुवर्षं डोकं दुखतंय आणि तपासणीत काही सापडत नाही, अशा माणसाला एकदा विचारा, जगावंसं वाटतं का?" डॉक्टरांची झोपच उडाली. त्यांच्या डोळ्यांपुढे डोकेदुखीसाठी येणारी, शिवणकाम करणारी एक बाई उभी राहिली. किती वर्षं तिच्या दंडात ते लाल पाणी भरत आले होते! त्यांना स्वतःची लाज वाटली.

परत आल्यावर त्यांनी तिला तो प्रश्न विचारला. बाई टेबलाची कड धरून रडली. नवरा गेल्यापासून पहाटेच जाग येते आणि कात्री हातात घेतली की नको ते मनात येतं, हे तिने सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी आपल्या खणातल्या गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला बोलावून बोलतं केलं. हळूहळू बाई झोपू लागली. एकदा तर हसून म्हणाली, "डॉक्टर, शर्टाची कॉलर पार विरलीय. आणा, उलटून देते." डॉक्टरांनी घरी हे चारचारदा सांगितलं. बायको म्हणाली, "पुरे! अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका." पण तीही खूश होती.

पुढे गोळ्यांचा सरकारी साठा आला आणि त्या खिडकीतून मिळू लागल्या. खिडकीत कंपाउंडर. माणूस सोन्यासारखा, आवाज मात्र भोंग्यासारखा. लोकांना औषधांची नावं कळत नाहीत म्हणून तो दुखण्याच्या नावाने पुकारा करायचा. त्या सकाळीही त्याचं सुरू होतं, "खोकल्याचं कुणाचं? गुडघ्याच्या कुणाच्या? मनाच्या कुणाच्या? अहो, मनाच्या गोळ्या कुणाच्या?"

रांगेतून एकजण ओरडला, "माझ्या बायकोला द्या, तिचं मन उडालंय माझ्यावरून!" सगळे खदखदून हसले. बाई जागची हलली नाही. पण कंपाउंडरला भारी काळजी! "ताई, तुमच्याच ना या?"

डॉक्टर कंपाउंडरवर तुटून पडले. तो रडवेला होऊन म्हणाला, "शिकायला तुम्ही गेला होतात, साहेब. मला कुणी नेलं होतं?" मनाचे आजार शिकवणाऱ्यांना दवाखान्याला खिडकी असते हे सुचलंच नव्हतं, आणि डॉक्टरांनाही नाही.

गोष्ट गावभर झाली. वेडीच्या हातात कात्री कोण देणार? गिऱ्हाइकांनी बेतलेले कपडे तसेच परत नेले. घरातल्या जावेने गोळ्या गटारात फेकल्या. बाई येईनाशी झाली.

आली ती बऱ्याच दिवसांनी, डोळे खोल गेलेले. बसल्या बसल्या बाही वर केली.

"झोप लागते का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"छान लागते!" ती दाराच्या पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "नुसता अशक्तपणा आहे. ते लालच द्या."

डॉक्टरांनी कागदात गुंडाळलेल्या गोळ्या पुढे सरकवल्या. तिने त्या मागे सारल्या आणि पुटपुटली, "जाऊबाई पिशवी तपासतात. मला कामं परत मिळवायचीत, डॉक्टर."

"आणि कात्री?"

तिने दंड पुढे केला. डॉक्टरांनी सुईत लाल पाणी भरलं. स्वतःच्या हाताची त्यांना इतकी चीड कधी आली नव्हती. वर ताकदीची बाटलीही लिहून दिली.

बोलणी खाल्ल्यापासून कंपाउंडर कुजबुजतच औषधं देत असे. बाई खिडकीशी गेली, तेव्हा तो बाटली पुढे करून हलकेच म्हणाला, "ताई, हे ताकदीचं."

"मोठ्याने म्हणा ना, दादा!"

तो गोंधळला. मग नेहमीसारखा ओरडला, "ताकदीचं कुणाचं?"

"माझं!" बाई साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझं आहे ते!"