मथुराबाईंचं बोस्टन

मथुराबाई आमच्याकडे पोळ्या करायच्या. वाशीमहून नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या, आणि तो गेल्यावर शनिवार पेठेतल्या पाच घरांच्या पोळ्या लाटून त्यांनी लेकीला इंजिनिअर केलं. ही लेक, अपेक्षा, हिंजवडीच्या कंपनीत लागली, कंपनीने तिला बोस्टनला पाठवलं, आणि २००४ च्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना लागला. बाईंना तिच्या बाळंतपणाला जायचं होतं.

पण व्हिसाच्या मुलाखतीत बाळंतपणाचा ब्रही काढायचा नाही, नाहीतर व्हिसा नाकारतात, असं ज्याने त्याने त्यांना बजावलं. अमेरिका बघायला चाललेय म्हणायचं. बघणार काय, हे मी शिकवायचं. मी निवृत्त इतिहासशिक्षक, स्वतः लोणावळ्यापलीकडे फारसा न गेलेला.

कणीक मळता मळता शिकवणी सुरू झाली. बोस्टनमध्ये रस्त्यावर आखलेली लाल रेघ धरून चालायचं, की एकेक जुनी जागा लागते. इंग्रज फौज निघाल्याची खूण म्हणून कंदील टांगलेलं चर्च, ती खबर घेऊन दौडलेल्या घोडेस्वाराचं लाकडी घर, जुनी युद्धनौका. झालंच तर कलासंग्रहालय. बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्याचं ऐकून बाईंचं लाटणं थांबलं.

"सगळा चहा? समुद्रात?"

"राग आला होता लोकांना. कर लावला होता."

"राग येऊ दे. चहानं काय केलं होतं?"

तीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांची सगळी नावं पाठ झाली. मी तर हुरळूनच गेलो, जणू परीक्षा माझीच होती.

मुलाखत देऊन मुंबईहून परतल्या त्या थेट आमच्याकडे आल्या. चपला काढून दारातच बसल्या.

"सर, तुमची शिकवणी पाण्यात घातली मी."

गोऱ्या साहेबाने दुभाषी बाईंमार्फत विचारलं, काय काय बघणार? यांनी सगळं घडाघडा सांगितलं. मग त्याने विचारलं, यातलं सगळ्यात आधी काय बघणार?

"हे तुम्ही शिकवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पटकन निघून गेलं, लेकीचं तोंड. मग रडूच आलं. सातवा महिना, तिला सासू नाही, सगळं बोलून गेले. पुढे तो काय म्हणाला, मला ऐकूसुद्धा आलं नाही."

मला माझीच लाज वाटली. नावं घोकून घेतली मी, पण खोटं बोलायचं ओझं कुणाच्या माथी मारतोय, हे एकदाही मनात आलं नाही.

"आणि पासपोर्टही ठेवून घेतला हो माझा," बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आता कधीच जाता यायचं नाही."

"ठेवून घेतला? नक्की?"

"शेजारच्या माणसाला त्याचा परत दिला. माझाच ठेवला."

"अहो बाई, नकार दिला की परत देतात! तुमचा शिक्का मारायला ठेवलाय. व्हिसा मिळाला तुम्हाला!"

मी खोटा धीर देतोय की काय, म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चटकन उठल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"अहो, आणि पोळ्या?" मी बावळटासारखं विचारलं.

"आज पाव खा," बाई जिन्यावरून म्हणाल्या. "बाळंतिणीच्या लाडवांना डिंक आणायचाय. दुकान बंद होईल."