नांगरलेलं रान

फौजेतून घरी आलो तेव्हा माझे दोन्ही पाय शाबूत होते, पण नांगरलेल्या रानात ते पडत नव्हते. सीमेवर गस्तीत माझ्यापुढं चालणारा सोबती सुरुंगावर पाय पडून गेला. तेव्हापासून भुसभुशीत माती दिसली की पाय थिजायचे. फौजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बोलतं केलं, झोप परत मिळवून दिली. त्यांचे उपकार मोठेच. आमच्या गावच्या, कासुर्डीच्या शिवारात सुरुंग नाहीत हे डोक्याला पटत होतं. पायांना कोण पटवणार?

कुरकुंभच्या कंपनीत गेटवर ड्युटी मिळाली. तिथं सगळं काँक्रीट. शेत मात्र बायको एकटीच बघायची आणि मी बांधावरून सूचना करायचो. आत जावंच लागलं तर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून, वीतभरही इकडंतिकडं नाही. गावानं अर्थ लावलाच, "फौजी सायेब झाला, बुटाला माती लागू देत न्हाई." मीही तसंच भासवलं, भेकड म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरा. पण बायको रानात एकटी वाकलेली दिसली की स्वतःचाच संताप यायचा.

उन्हाळ्यात नांगरट झाली आणि शेजारचे आप्पा खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवायला आले. त्यांच्या वाडवडिलांची हयात मेंढरांमागं गेली. आप्पा आता शेतीच करतात, थोडी मेंढरं राखून आहेत. कुठली माती हलकी, मेंढरं कुठं बसवायची, हे मालकानं रानात चालून दाखवायचं असतं. मी बांधावरूनच हात केला. आप्पांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

"पान लागलं व्हतं का रं कवा?"

साप चावला होता का, असं ते विचारत होते. मी "व्हय" म्हणून मोकळा झालो.

"मग माझ्या मागनं ये."

न दिसणारे साप हुसकत, काठी आपटत ते पुढं निघाले. त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत मी थोडं चाललो आणि घामाघूम होऊन परतलो. मेंढरं दुसऱ्याच्या रानात गेली तरी आप्पा सकाळी येत राहिले.

पण पुढं चालणारी ती पाठ मला सोसेना. एकदा बांधावर बसून खरं काय ते सांगितलं. आप्पांनी मळलेली तंबाखू दाढेखाली धरली.

"म्हंजी तुला सोताचं भ्या न्हाई. पुढच्याचं हाय."

"व्हय, आप्पा."

त्यांनी काठी बांधावर ठेवली आणि रानात उतरले. प्रत्येक पाऊल मुद्दाम दाबून, टाच रोवून चालू लागले. एवढा म्हातारा माणूस, माझ्यासाठी उगाच ढेकळं फोडत होता. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांचं हे ऋण कसं फेडायचं, मला आजही कळत नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या ठशांत पाय ठेवला नाही. न तुडवलेल्या मातीतून भरभर जाऊन त्यांना गाठलं आणि शेजारून चालू लागलो.

पलीकडच्या कडेला बायको धसकटं वेचत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि धसकटांची पाटी माझ्याकडं सरकवली.