पाचवीच्या ताटातला पेन

काळजी माझ्या पाचवीलाच पुजलेली, असं आमची आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. पण नातवाच्या पाचवीला त्या काळजीनं मला चक्क चोरी करायला लावली, आणि ती कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्याकडे बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाईची पूजा मांडतात. ताटात कोरा कागद आणि पेन ठेवायचा. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. लेकीच्या पहिल्या मुलीच्या वेळी मी हे सगळं बिनचूक केलं होतं. ती बारा दिवसांत गेली. तेव्हापासून मनात एकच घेऊन कुढत होते, असलंच लिहायचं होतं तर मी पेन दिलाच कशाला? म्हणून या खेपेला लेक हसनाबादला माझ्याकडे बाळंत झाली, तेव्हा पूजा केली, नमस्कार केला आणि सगळ्यांची पाठ वळताच पेन उचलून बटव्यात टाकला. म्हटलं, बघू आता कशानं लिहितेस.

आठव्या दिवशी बाळानं दूध सोडलं. अंग तव्यासारखं तापलं. जालन्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काहीच सांगता येणार नाही. मी लिहूच दिलं नव्हतं, मग सांगणार कुठून? वाईट टाळायला गेले आणि लेकराला आयुष्यच लिहून मिळालं नाही, हे डोक्यातून जाईना. जावई औषधांसाठी धावत होता, लेक भिंतीला टेकून बसलेली, आणि मी पापीण बटवा छातीशी धरून. कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर शेजारी एक म्हाताऱ्या मारवाडी बाई होत्या. त्यांचा नातूही आतच होता. त्यांनी आपल्यातला अर्धा चहा मला दिला आणि मला रडूच फुटलं; सगळं बोलून गेले. वाटलं, आता उठून लांब बसतील. पण त्या म्हणाल्या, "ताई, तिला लिहायला तुमचाच पेन लागतो का? तुमी चोरला म्हणून तिचं काम अडून राह्यलं? एवढ्या मोठ्या कवा झाल्या तुमी?"

लागलं मला ते. रागही आला. पण खरं सांगते, दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. लेकराचं जगणं-मरणं माझ्या बटव्यात नव्हतं. डोळे मिटून म्हटलं, सटवाई आई, तुझं तू बघ, मी आडवी येत न्हाई.

दुपारी नर्सबाई कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांचा पेन चालेना. "आजी, पेन आहे का?" मी बटव्यातून तोच काढून दिला. बाळानं दूध ओढलं म्हणाल्या, आणि उभ्याउभ्याच तसं कागदावर लिहून पेन मला परत दिला.

योगायोग असेल. मी वाद घालत नाही. आधीच लिहिलेलं होतं की तेव्हा लिहिलं गेलं, तेही मला कळत नाही. आम्ही बाळाला घेऊन घरी निघालो तेव्हा त्या बाईंचा नातू अजून आतच होता. त्याच्यासाठी आजही दिवा लावताना हात जोडते.

सवा महिन्यानं बाळाला सटवाईच्या दर्शनाला नेलं. शेंदराच्या दगडापुढे नारळ फोडला, कोरा कागद ठेवला, त्यावर तो पेन ठेवला. चार पावलं चालून गेले, मग मागे वळले आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं.