जीनगराघरची फटफटी

आमच्या घरी फटफटी आली ती बैलगाडीतून. गवताच्या पेंढ्यांवर आडवी निजवलेली, वर गोणपाट पांघरलेले आणि मागून हात पाठीशी बांधून सरदारांचे कारभारी चालत होते. धारच्या आमच्या गल्लीला वाटले, सरदारांकडचे कोणी आजारी माणूस वैद्याकडे चालले आहे. दोघा-तिघांनी ओट्यावरून उतरून हातही जोडले. गाडी आमच्या दारात थांबली आणि गोणपाटाखालून रबराचे चाक दिसले, तेव्हा जोडलेले हात सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला.

युरोपातले मोठे युद्ध संपून काही वर्षे झाली होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, एका सरदारांच्या पागेत जीन आणि खोगिरे शिवत. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर माळव्यात आले तेही हीच आरी आणि चामडे कापायची रापी घेऊन. आता सरदारांनी मोटार मागवली होती आणि पागेतले घोडे एकेक करून विकले जात होते. फटफटी मोटारीच्याही आधीची हौस होती. महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून ती घेतली, दोन हिवाळे फिरवली, मग पागेच्या कोपऱ्यात उभी केली. तिच्या बैठकीवर कोंबडी अंडी घालीत असे.

"जीनगर," कारभारी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत ही चालती झाली पाहिजे. देवासच्या जावईबापूंना भेट द्यायची आहे. चालली, तर नव्या मोटारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकतो. नाही चालली, तर दसऱ्यानंतर उरलेले घोडेही जातील. मग खोगीर कुणाच्या पाठीवर घालशील?"

"साहेब, मी चामड्याचा माणूस. लोखंडातलं मला काय कळणार?"

"तुझा मुलगा बी.ए. झालाय ना? यंत्र इंग्रजी, त्याचं पुस्तक इंग्रजी. आणखी काय पाहिजे?"

माझ्या बी.ए.त तर्कशास्त्र होते, संस्कृत होते आणि इंग्लंडच्या राजांची लग्ने होती. पण इंदूरहून परीक्षा पास होऊन आल्यापासून इंग्रजी अक्षर असलेली प्रत्येक वस्तू आमच्या घरी येत असे. औषधाच्या बाटल्या आल्या, कोर्टाचे कागद आले, एकदा बंद पडलेले घड्याळही आले, कारण त्याच्या तबकडीवर चार इंग्रजी शब्द होते. मला नाही म्हणता येत नसे. परीक्षेआधी मी घरी अभ्यास करीत होतो, तेव्हा याच गल्लीने भजन हळू आवाजात म्हटले होते. मृदंग वाजवणाऱ्याने तर चामड्यावर घोंगडी टाकून बोटे मारली होती. असे उपकार असलेला मनुष्य कसा म्हणणार, की मला यातले काही येत नाही? मी कोटाची बटणे लावली आणि कारभाऱ्यांना म्हणालो, "पुस्तक वाचून पाहतो."

पुस्तक जाड होते आणि गंमत म्हणजे साहेबाने किंवा सरदारांनी ते कधी उघडलेलेच नव्हते. विलायती पुस्तकांची पाने तेव्हा कडेला जोडलेली येत. वाचायचे तर आधी कापावी लागत. मी आबांची रापी घेतली आणि एकेक पान मोकळे करीत वाचू लागलो. समोर अंगणात आबा फटफटीभोवती फिरत होते. त्यांनी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग चाके चाचपली. पाय उचलून खूर पाहावेत तशी.

पहिल्याच दिवशी पुस्तकात निघाले, की इंजिनाला एरंडेल द्यावे. मी मोठ्याने वाचले. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "किती दिवसांचं तुंबलंय?"

एरंडेल दिले. पेट्रोलचा डबा इंदूरहून आला होता, तोही रिकामा केला. आम्ही ढकलली. फटफटी दोनदा खोकली, धुराचा लोट आईच्या वाळत घातलेल्या धुण्यावर सोडला आणि गप्प झाली. शेजारी मिठाईवाला राहत असे, माळवी माणूस. तो कढईपाशी बसूनच ओरडला, "अरे भिया, इके घी-शक्कर दो! खाली तेल से कंई होय?"

पुढचे दहा-बारा दिवस मी वाचीत होतो आणि आबा ऐकत होते. मला वाटे, ते माझे ऐकत आहेत. ते इंजिनाचे ऐकत होते. एकदा आम्ही ती चालू केली, तर ते डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "लंगडते आहे. तीन पावलं नीट टाकते, चौथ्याला पाय उचलते."

"आबा, तिला पाय नाहीत."

"मग लंगडते कशी?"

मी पुस्तकात शोधू लागलो. लंगडणे हा शब्द सूचीत नव्हता. तोवर आबांनी पेट्रोल जाण्याच्या पितळी नळीचे टोक काढून उन्हात धरले होते. त्याच्या सुईच्या नाकाएवढ्या छिद्रात घाण अडकली होती. त्यांनी जरीकामाची सर्वांत बारीक सुई घेतली, दोनदा फिरवली, फुंकर मारली आणि बसवले. फटफटी सरळ चालू लागली. संध्याकाळी कारभारी आले, तेव्हा मी त्यांना त्या छिद्राचे इंग्रजी नाव सांगितले. त्यांनी आबांकडे वळून म्हटले, "बघ, शिक्षणाचा उपयोग!" आबांनी मान हलवली. त्यांनाही ते खरेच वाटत होते, हे मला आज जास्त लागते.

यंत्र चालू झाल्यावर आबांनी तिला सजवायला घेतले. मूळची बैठक कोंबडीने निकामी केलीच होती. तिच्या जागी त्यांनी घोड्याच्या जिनासारखी मऊ, मागे उंच बैठक शिवली. मुठींना हरणाचे कातडे लावले. पेट्रोलच्या टाकीला वेलबुट्टी उठवलेली झूल केली. दोन्ही बाजूंना गोंडे सोडणार होते, पण ते चाकात जातील असे मी पुस्तकाच्या आधाराने सांगितले. ते पुस्तकात नव्हते, पण खरे होते.

मग पट्टा. त्या जुन्या फटफटीत इंजिनाचा जोर मागच्या चाकापर्यंत चामड्याच्या पट्ट्याने जात असे. जुना पट्टा चिरला होता. आबांनी पागेतले राखून ठेवलेले कमावलेले चामडे काढले, दुहेरी टीप घातली आणि असा पट्टा केला की मिठाईवाल्याने कढई सोडून येऊन त्यावरून बोट फिरवले. पुस्तकात पट्ट्याचे एक प्रकरण होते. त्याची पाने मी कापलीच नाहीत. चामड्याचे आम्हांला कोणी विलायतेतून काय शिकवणार? बाकीचे पुस्तक माझे होते, हे प्रकरण आमच्या घरचे होते. मी ते ओलांडून दिव्यांच्या प्रकरणाकडे गेलो.

नव्या पट्ट्यावर फटफटी गल्लीतून दोनदा जाऊन आली. चालवीत मीच होतो, कारण तिच्यावर बसायलाही बी.ए. लागते असे ठरले होते. दसऱ्याला पाच दिवस उरले, तेव्हा तिला पुन्हा बैलगाडीत निजवले. एवढ्या कच्च्या रस्त्यावर तिला पळवण्याचे धाडस कोणात नव्हते. निघायच्या सकाळी आबांनी पट्टा काढून मांडीवर घेतला, चरबी आणि एरंडेल कोमट करून त्याला असे चोळले की तो काळाभोर झाला. जीनगर कोरडे चामडे घराबाहेर पाठवीत नाही. ते आपल्या मुलीला विस्कटल्या केसांनी सासरी धाडण्यासारखे. मी ते पाहत होतो आणि मला अभिमान वाटत होता.

धारहून इंदूरमार्गे देवासला पोचायला तीन दिवस लागले. कारभारी टांग्यातून पुढे गेले होते. देवासात तेव्हा दोन राज्ये एकाच गावात नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक कड एकाची, दुसरी दुसऱ्याची. जावईबापूंचा वाडा टेकडीच्या अंगाला, थोड्या चढावर होता. गावाबाहेर आम्ही फटफटी उतरवली, झेंडूची माळ घातली, आबांनी पुढच्या चाकाला कुंकू लावले. मी बसलो, दोघांनी ढकलले आणि ती सुरेख चालली. दोन्ही राज्यांची माणसे आपापल्या कडेला उभी राहून पाहत होती.

चढ लागला आणि फटफटी थांबली. इंजिन थांबले नाही. ते पूर्वीपेक्षा मोठ्याने गरजत होते, फक्त चाक फिरत नव्हते. मी मूठ आणखी पिळली. आवाज वाढला. वर सज्जात जावईबापू उभे होते.

"आवाज तर हत्तीचा आहे," ते म्हणाले. "चाल कुणाची आहे?"

लोक हसले. दोन राज्यांचे त्या गावात एवढे एकमत मी पुढेही क्वचित पाहिले. कारभारी घामाघूम होऊन धावत आले. "बी.ए.! तुमचं पुस्तक काय म्हणतं?"

आबा मागून धापा टाकीत पोचले होते. ते फटफटीकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. त्यांची नोकरी, पागेतली तीस-पस्तीस वर्षे, सगळे माझ्या पिशवीतल्या पुस्तकात आहे असे ते पाहणे होते. मी पुस्तक काढले. कापलेली सर्व पाने मला ठाऊक होती आणि त्यांत हे नव्हते. राहिले ते पट्ट्याचे जोडलेले प्रकरण. माझ्याजवळ चाकू नव्हता. मी म्हणालो, "आबा, रापी."

त्यांनी कमरेची रापी दिली. भर रस्त्यात, सगळ्या लोकांदेखत मी पाने कापली. तेव्हा आबांना पहिल्यांदा कळले की मी ती वाचलेली नव्हती. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते, की पट्टा मऊ राहील इतकेच तेल द्यावे. जास्त झाल्यास तो चाकावर पकड धरणार नाही आणि चढावर घसरेल.

"काय लिहिलंय?" आबांनी विचारले.

मला ते खालच्या आवाजात सांगायचे होते. पण कारभारी म्हणाले, "मोठ्यानं वाचा, आम्हांलाही कळू दे." मी मराठीत वाचले.

आबांनी पट्ट्यावरून बोट फिरवले, ते तेलकट निघाले. मग त्यांनी समोरच्या घराच्या ओट्यावर उभ्या असलेल्या बाईंना विचारले, "वहिनी, चुलीतली राख मिळेल का? चाळलेली असली तर बरं."

राख आली. पुस्तकात राखेचे नाव नव्हते. पट्ट्याचे तेल उतरवायचे कसे, त्यावर तिथे एवढेच होते की कारखान्याकडे लिहावे. आबांनी राख पट्ट्यावर चोळली, फडक्याने पुसली, पुन्हा चोळली. जिनावर तेल सांडले की हेच करायचे, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवले होते. तिसऱ्या वेळी फडके कोरडे निघाले. "आता बस," ते म्हणाले. फटफटी चढून वाड्याच्या दारात गेली. मागून राखेने पांढरे झालेले आबा चालत आले.

जावईबापू खाली उतरले, जिनावर बसले आणि खूश झाले. "कुणाचं काम?"

"आमचे बी.ए.," कारभारी म्हणाले.

मी म्हणालो, "सरकार, काम आबांचं आहे. मी नुसतं वाचलं, तेही अर्धं." ते नम्रता म्हणून घेतले गेले. शिकलेल्या मुलाला विनय कसा शोभतो, यावर कारभारी दोन वाक्ये बोलले.

दिवाळीपूर्वी हुकूम आमच्या घरी आला. शिपाई कागद देऊन गेला. आबांनी हात धुतले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वाच."

मी वाचले. मोटारखान्यावर देखरेखीसाठी माझी नेमणूक झाली होती. आई देवापुढे साखर ठेवायला उठली. मी कागद घडी करू लागलो.

"एवढंच?" आबा म्हणाले. "का मध्ये एखादं पान सोडलंस?"

खाली एक ओळ होती. ती मी सोडली होती. आता वाचली: देखरेख करणाऱ्यास मदतनीस म्हणून त्याचे वडील, त्याच्या हाताखाली.

आबा इतके हसले की मिठाईवाला चौकशीला आला. मग ते आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. दिव्यांच्या प्रकरणापुढची बरीच पाने अजून जोडलेली होती, तिथवर मी पोचलोच नव्हतो. त्यांनी ती रापीने सावकाश, एकही कड न फाडता कापली आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवले.

"साहेब," ते म्हणाले, "पहिल्यापासून सुरू करा. चामड्याचंसुद्धा."