चोवीस बाइटांचा डाव

रजनी चिंतलवार लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका लहानशा कारखान्यात सर्किटांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला लागली, त्याला अकरा वर्षं झाली. प्रोग्राम लिहायला तिला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या चुका निस्तरता निस्तरता तिचा हात बसला. पगारपत्रकात मात्र ती अजून डागवालीच.

यंदा कारखान्यानं आश्रमशाळांसाठी बुद्धिबळाचा डबा काढला. नेट नको, मोबाइल नको. बटण दाबलं की एक मांडणी समोर येते, चाल आपण शोधायची. मांडण्या होत्या रजनीच्या वडिलांच्या. वामनराव तहसिलीत कारकून. चाळीस वर्षांत खेळलेले, पाहिलेले, स्वतःला सुचलेले डाव त्यांनी रजिस्टरांत काढून ठेवलेले. एकूण दहा हजार पाचशे. रजनीनं ते दोन वर्षं बसून संगणकात उतरवले.

अडलं ते चिपवर. जागा दोनशे छप्पन केबी. एका घराला अर्धा बाइट धरला तरी चौसष्ट घरांचे बत्तीस बाइट. आठ हजारांच्या जरा वर गेलं की चिप भरली.

"ताई, तेवीसशे डाव काढून टाका न," इंजिनिअर मंदार म्हणाला. "कोनाले समजते?"

"मले समजते. कोनत्या सालचे काढू, तूच सांग."

"सोमवारी सकाळी चिप भरून राह्यलो मी. तवरिक जमवा, नाई तं मीच कैची लावतो."

रविवारी ती मुकुटबनला, वडिलांकडे गेली. त्यांच्या वावरात कामाला येणारी रामीबाई नांग्या भरत होती, म्हणजे जिथं बी उगवलं नाही तिथं पुन्हा टोचत होती. कपाशीत तूर मिसळलेली. किती बी लागेल ते काढायला रजनी वही घेऊन मागं निघाली आणि लिहू लागली: कपाशी, रिकामं, रिकामं, तूर, रिकामं...

रामीबाईला हसू आवरेना. "व बाई, रिकाम्या जागेचं नाव कायले लिहून राह्यली? आंदी नुसतं हाय-नाई, हाय-नाई करत जाय. मंग जे हाय तेवढ्याचंच नाव घे!"

रजनी तासातच, कपाशीच्या दोन ओळींमधल्या जागेत, खाली बसली. मातीत बोटानं हिशेब मांडला. चौसष्ट घरांचं नुसतं हाय-नाई, घरामागं एक बिट, म्हणजे आठ बाइट. मोहरे जास्तीत जास्त बत्तीस, त्यांची नावं ओळीनं, प्रत्येकी अर्धा बाइट, म्हणजे सोळा. आठ नि सोळा चोवीस!

"रामीबाई, तू तं इंजिनिअर निंघाली व!"

"मंग? इंजिनिअरचा पगार मले दे," रामीबाई म्हणाली आणि पुढच्या तासाला लागली.

घरी येऊन रजनीनं लॅपटॉपवर पहिलीच मांडणी उघडली. वामनरावांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि विचारलं, "डाव कोनाचा?"

"म्हंजे?"

"चाल कोनाची, पांढऱ्याची का काळ्याची? राजा-हत्तीचं किल्लेकोट बाकी हाय का? हे नसंल तं त्या निसत्या ठेवलेल्या गोट्या हायेत, बुद्धिबळ नोहे."

संगणकात उतरवताना तिनं ते लिहिलेलं होतं, चोवीस बाइटांत मात्र राहून गेलं होतं. तेवढं लिहायला आणखी एक बाइट धरला, तर पंचवीस होतात. गुणून पाहिलं. तीनशे छप्पन बाइट जास्त! म्हणजे पुन्हा कैची.

ती पटाकडे बघत राहिली. पांढरे सहा प्रकारचे, काळे सहा. बारा. अर्ध्या बाइटात नंबर बसतात सोळा. म्हणजे चार नंबर नुसतेच बसून होते, बिनकामाचे!

"बाबा, काळा राजा पटावर असतेच, त्याले दोन नंबर देतो मी. पहिला असला तं पांढऱ्याची चाल, दुसरा असला तं काळ्याची. किल्लेकोटाचा हक्क शाबूत असलेल्या हत्तींले येक-येक, पांढऱ्याले नि काळ्याले. आन् चवथा, आत्ताच दोन घरं उडी मारलेल्या प्याद्याले, त्याले वाटेत मारता येते न!"

वामनरावांनी चारही नंबर बोटांवर मोजले. मग म्हणाले, "मले चाळीस वर्सांत नाई सुचलं व, पोरी."

सोमवारी मंदारनं चिप भरली. दहा हजार पाचशेवा डाव पडद्यावर आला, हत्तीच्या हक्कासकट. मंदारनं उरलेली जागा एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली. मग खुर्ची सोडून उभा राहिला.

"ताई, बसा इथं. आता मले शिकवा."

रजनी बसली नाही. तिनं मुकुटबनला फोन लावला. "बाबा, समदे मावले. वरतून आणखी चारशे बावीस पाहिजेत!"

"थांब," वामनराव ओरडले, "चष्मा घेतो. घे लिहून!"