त्याच वळणावरचा क्रूस

डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवण्यात माझी हयात गेली. परवा लेकीने फोनवर एक जुनं, काळंपांढरं कार्टून लावलं. गोष्ट कवडीमोलाची, गाणंही कर्कश. पण त्यातला ट्रक! चढणीवर पोट आत ओढून असा धापा टाकतो, की चित्रकार कधीतरी भरलेल्या गाडीत बसला असणारच.

चित्रकार कामचुकार मात्र पक्का. रस्ता एकदाच काढून पुन्हापुन्हा फिरवलेला; तेच झाड, तोच क्रूस. वाटेत देवाची घुमटी असो की क्रूस, आम्ही ड्रायव्हर छातीला हात लावूनच पुढे जायचो. माझा हात आपोआप वर जात राहिला.

"अहो, कितीदा नमस्कार करणार?" बायको हसली. "क्रूस एकच आहे तो."

मी चिडलो. "खाणीपासून जेटीपर्यंत जन्मभर खेपा मारल्या, तेव्हा तरी कुठे दुसरा होता?"