पाइपच्या टोकाची गादी

ताईचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत र्युसेल्सहाइमला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, थंडगार बटाट्याच्या सॅलडशी भांडत बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "अरे, हे गेले." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "पाइपवरून?"

ती म्हणाली, "नाही रे. खुर्चीत. चहा पीत होते."

दुःख नंतर आलं, आधी आला तो संताप. ज्या माणसाच्या हाडांची काळजी करण्यात आम्ही सगळ्यांनी कित्येक हिवाळे घालवले, तो माणूस स्वतःच्या आरामखुर्चीत, पाठीशी उशी घेऊन, कप व्यवस्थित बशीत ठेवून निघून गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही इतकी वर्षं माकडहाडावर लक्ष ठेवून होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान, विलासराव. मूळचे साताऱ्याकडचे, पण अर्ध्याहून जास्त आयुष्य झिंडेलफिंगेनमध्ये गेलं. कारखान्यात त्यांचं काम गाड्यांच्या सीटबेल्टच्या चाचण्या घेण्याचं. एखादा माणूस आपलं काम ऑफिसात ठेवून घरी येतो, दाजी ते अंगाला बांधून घरी आणत. मागच्या सीटवर बसलेल्या माणसानं पट्टा लावल्याचा 'कट्' आवाज येईपर्यंत त्यांची गाडी सुरू व्हायची नाही. एकदा सुट्टीत साताऱ्याला गेलो असताना रिक्षात बसल्यावर त्यांचा हात आपोआप खांद्यामागे पट्टा शोधायला गेला. रिक्षावाला म्हणाला, "काय हरवलं का पाहुणं?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडं नव्हतंच ते." पुढचा सगळा रस्ता त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून काढला. अशा माणसानं पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्नोबोर्ड घेऊन लोखंडी पाइपवरून घसरायला शिकायचं ठरवलं, ही गोष्ट मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्यानं मला दुसरा चहा पाजून पुन्हा सांगायला लावली आहे.

सुरुवात त्यांनी केली नव्हती. सुरुवात केली इरानं, माझ्या भाचीनं. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. हिवाळ्यातल्या दर शनिवारी मैत्रिणींबरोबर ब्लॅक फॉरेस्टातल्या स्नो पार्कमध्ये जायची. ज्यांनी असा पार्क पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बर्फाच्या उतारावर जिन्याच्या कठड्यासारख्या लोखंडी दांड्या बसवलेल्या असतात. फळीवर उभं राहून घसरत यायचं, त्या दांडीवर चढायचं आणि तिच्यावरून सरकत पलीकडच्या टोकाला उतरायचं. आपल्याकडे कठड्यावरून घसरणाऱ्या पोराला धपाटा मिळतो. इथे त्यासाठी तिकीट काढतात. दाजींचा या प्रकाराला कडाडून विरोध होता. त्यांनी एकदा जेवणाच्या टेबलावर चमचा आणि सुरी घेऊन वेग, वजन आणि मणका यांचा संबंध समजावून सांगितला होता. इरा त्या वेळी वरणात लिंबू पिळत होती.

आणि मग ती पडली. गळपट्टीचं हाड मोडलं. ताई आणि दाजी हॉस्पिटलमध्ये पोचले, आणि पट्ट्यात हात अडकवून बसलेल्या लेकीला पाहून दाजी पहिलं वाक्य बोलले, "सांगत होतो ना मी?"

हाड आपल्या वेळेला जुळलं. पण पोरीनं फळी तळघरात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. पार्क बंद, मैत्रिणी बंद. खोलीचं दार बंद. जर्मनमधली उत्तरंसुद्धा 'या' आणि 'नाइन', म्हणजे हो आणि नाही, यांच्यापलीकडे जाईनात. ताई मला फोनवर म्हणाली, "घरात हीटर चालू असतात रे, पण गारठा जात नाही." तिचं म्हणणं असं, की पोरगी पडण्याला घाबरलेली नाही, पडल्यावर बापाचं खरं ठरतं याला घाबरली आहे. दाजींना हे कोणी सांगितलं, का त्यांचं त्यांना कळलं, मला माहीत नाही. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मला त्यांचा फोन आला.

"जय भीम, दाजी."

"जय भीम. पाइप आलाय. शनिवारी ये, धरायला माणूस पाहिजे."

मला वाटलं, नळाचं काम आहे. पाना घेऊन गेलो. पाहतो तर घरामागच्या उतरत्या बागेत गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन लाकडी ओंडक्यांवर, पाडलेल्या कुठल्याशा जिन्याचा कठडा आडवा बसवलेला. त्याच्या खालच्या टोकाला भारतातून आणलेली कापसाची गादी. ती उभी करून सफरचंदाच्या झाडाला बांधली होती, कारखान्यातून बाद झालेल्या सीटबेल्टनी. पट्ट्याला एक सुरकुती नव्हती. "शेवटी थांबताना लागू नये म्हणून," दाजी म्हणाले. मी विचारलं, "आणि सुरुवातीला पडलात तर?" ते म्हणाले, "सुरुवातीला कशाला पडेन?"

आता बर्फ. झिंडेलफिंगेनमध्ये बागेत घसरण्याइतका बर्फ रोज कुठून येणार? पण श्वाबेन प्रांतातल्या घरांमध्ये केरवोखे नावाची प्रथा आहे. प्रत्येक कुटुंबाची आठवड्याची पाळी, त्या आठवड्यात जिना, अंगण, फुटपाथ त्यांनी झाडायचा, आणि हिवाळ्यात सकाळी लोक कामाला निघायच्या आत दारापुढचा बर्फ काढायचा. ही पाळी चुकवणाऱ्याकडे शेजारी वर्षभर वेगळ्या नजरेनं बघतात. इमारतीतल्या प्रत्येकाला तिचा कंटाळा, पण बोलायची सोय नाही. दाजींनी जाहीर केलं की या हिवाळ्यातला बर्फ सगळ्यांच्या पाळीचा आपण काढू. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबर्ले, वय सत्तरच्या पुढे, झाडू म्हणजे त्यांचं शस्त्र. त्यांना आधी संशय आला, मग गहिवरून आलं. त्यांनी केक आणून दिला. हा सज्जन परदेशी माणूस सगळ्यांचा बर्फ हातगाडीत भरून मागे का नेतोय, हे त्यांना पुढच्या शनिवारी खिडकीतून कळलं.

दाजींचा पोशाख असा असायचा. खाली गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या, पाठीला मोटारसायकलवाल्यांचं कवच, डोक्यावर ताईनं विणलेली माकडटोपी आणि तिच्यावर हेल्मेट. बूट जुन्या बाजारातले, फळी इराची. पाइप गुळगुळीत व्हावा म्हणून लोक त्याला मेण लावतात, पण दाजींनी हिशेब केला की थंडीत खोबरेल तेल मेणासारखंच घट्ट होतं, मग वेगळं मेण कशाला. त्यांनी निळी बाटली कापून पांढरी वडी काढली आणि पाइपवर साबणासारखी घासली. पाइप असा काही निसरडा झाला की त्याच्यावर कावळाही बसेना. शिवाय बागभर असा वास की शाळेत निघालेल्या मुलीची वेणी घालणं चाललंय.

मी पाइपच्या बाजूनं पळत त्यांचा हात धरायचा, अशी योजना होती. दाजी वरून सुटायचे, पाइपवर चढायचे, चढल्याबरोबर स्वतःच्या पायांकडे बघायचे, घाबरून मागे रेलायचे, फळी पुढे निघून जायची आणि दाजी मागे राहायचे. दर वेळी तेच. डाव्या बाजूला पडले तर गुलाबात, उजव्या बाजूला पडले तर माझ्यावर. र्युसेल्सहाइमहून रेल्वेनं तास न् तास प्रवास करून मी दर शनिवारी त्यांच्या खाली येण्यासाठी जात होतो. ताई वरून ओरडायची, "अहो, पुरे आता, लोक बघतायत." दाजी बर्फातून मान वर काढून म्हणायचे, "वेग कमी पडला." मी म्हणायचो, "दाजी, वेग नाही, अक्कल." ते हसायचे नाहीत. हातगाडी भरून बर्फ आणायचे, खड्डा बुजवायचे, पुन्हा वर चढायचे. त्या गादीपर्यंत ते एकदाही पोचले नाहीत.

वरच्या मजल्यावरचा एक पडदा मात्र हलायला लागला होता. आधी बोटभर, मग हातभर. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी दाजी इतके विचित्र पडले, की एक पाय गुलाबात आणि फळी झाडात. मी हसावं की ॲम्ब्युलन्स बोलवावी अशा पेचात असताना मागचं दार धाडकन उघडलं. इरा चपलांमध्येच बर्फात आली.

"पापा, हे बघवत नाही," ती जर्मनमध्ये कडाडली. "गुडघे कुठे आहेत तुझे? आणि पायाकडे काय बघतोस? ते कुठे पळून जाणार आहेत? टोकाकडे बघायचं असतं, टोकाकडे."

"आल्झो... म्हणजे," दाजी गुलाबातून म्हणाले, "टोकाकडे बघितलं तर पाय दिसत नाहीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ते दिसायलाच नको असतात."

"मला नुसतं तोंडी सांगून कळत नाही."

मी त्या वाक्याला आजही सलाम करतो. कारण हा माणूस कारखान्यात नव्या इंजिनिअरांना तोंडीच सगळं शिकवायचा. इरानं बापाकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि बूट घालून आली. झाडातून फळी काढली, गादी सोडवून बाजूला टाकली. वर जाऊन उभी राहिली आणि तशीच उभी राहिली... बराच वेळ. हात गळपट्टीच्या हाडाशी गेला होता. ताई खिडकीत आली होती, फ्राउ हेबर्ले त्यांच्या खिडकीत. मला वाटलं, आता ही फळी काढणार, आत जाणार आणि ते दार पुन्हा उघडणार नाही. दाजींनी मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही. 'सांभाळून' असंही म्हणाले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

ती सुटली. फळी पाइपवर चढली, गुडघे वाकलेले, नजर समोर, आणि खोबरेल तेलावरून ती त्या टोकापर्यंत अशी सरकत गेली जसं कुणी पाटावर बसून ओल्या न्हाणीत सरकत जावं. खाली उतरली. थांबली. फ्राउ हेबर्ले खिडकीच्या काचेवर टकटक करत होत्या, ती त्यांची टाळ्या वाजवायची पद्धत.

आता बापानं काय म्हणावं? मिठी मारावी, डोळे पुसावेत, निदान शाब्बास म्हणावं. दाजी खुरडत तिच्यापर्यंत गेले, खाली वाकले आणि म्हणाले, "डाव्या पायाचा पट्टा सैल आहे तुझा."

"पापा," ती म्हणाली, आणि डोकं धरून हसायला लागली. वर्षभरानं.

तिथं ही कहाणी संपायला हवी होती, आमच्या हाडांच्या दृष्टीनं. पण दाजी थांबले नाहीत. इरा पुन्हा पार्कमध्ये जायला लागली आणि दाजी तिच्याबरोबर. तिथल्या सगळ्यांत ठेंगण्या दांडीपुढे छोट्या मुलांच्या रांगेत माकडटोपी घालून उभे राहायचे. इरा शिकायला येना शहरात गेली, तरी सुट्टीत आली की आधी मागच्या बागेत बापाला उभं करायची आणि दोघं एकमेकांवर खेकसत संध्याकाळ काढायची. मी एकदा न राहवून विचारलं, "दाजी, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम पडत होतात ना? ती खाली यावी म्हणून?" दाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "तुला साखर कमी लागते का रे?" असा माणूस. याच्याशी बोलण्यापेक्षा पाइपशी बोलणं बरं.

गेल्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींशेजारी दाजींचा फोटो, हेल्मेटशिवायचा, त्यामुळे मला जरा अनोळखीच वाटला. त्रिशरण-पंचशील झालं. कारखान्यातले लोक बोलले, सगळ्यांनी त्यांच्या सावधपणाचं कौतुक केलं आणि मला दर वाक्याला ठसका लागत होता. लोक पांगल्यावर मी इराला स्वयंपाकघरात गाठलं आणि इतकी वर्षं साठवलेला प्रश्न विचारला. दाजी नाटक करत होते ना?

तिनं भांडी पुसणं थांबवलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. तिनं उत्तर दिलं ते चक्क मराठीत.

"नाही मामा. बाबा खरंच तेवढा वाईट होता."

मग पुन्हा फडकं उचलत म्हणाली, "मी त्याला नंतर विचारलं होतं. त्याला भीती वाटायची. दर वेळी. म्हणून पायाकडे बघायचा."

पडणं हे त्यांच्या आयुष्यभराचं भय, आणि ते दर शनिवारी हेल्मेट चढवून त्या भयाला भेटायला जात होते, बंद दाराआडच्या एका पोरीला सोबत म्हणून...

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती खरवडण्याच्या आवाजानं. पहिला बर्फ पडला होता. खिडकीतून पाहिलं तर फ्राउ हेबर्ले दारापुढचा बर्फ हातगाडीत भरत होत्या, आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी ती ढकलत मागच्या बागेत नेत होते. कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या इमारतीत बर्फ मागे न्यायचा असतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ताई म्हणाली, "तो पाइप काढून टाका रे आता, सतरंज्या वाळत घालण्यापलीकडे काय उपयोग?" पण पाइपवरची सतरंजी तिनं आधीच उचलून ठेवली होती.

इरानं कपाटातून खोबरेलची निळी बाटली काढली, वडी खरवडली, पाइपवर घासली. वास आला आणि ताई आत निघून गेली. मग इरानं ती माकडटोपी माझ्या हातात ठेवली.

"मी?" मी म्हणालो. "मला गुडघे नाहीत."

"कुणीतरी पडायला हवं ना मामा."

तर सध्या मी उतारावर उभा आहे असं समजा. हेल्मेट घट्ट आहे, टोपीला दाजींच्या डोक्याचा आकार आलाय, पायांत त्यांचे बूट. इरा बाजूनं पळायला तयार आहे. "पायाकडे बघू नकोस," ती म्हणाली, "टोकाकडे बघ." मी बघितलं. टोकाशी सफरचंदाचं झाड, झाडाला सीटबेल्टनी पुन्हा बांधलेली गादी. एक सुरकुती नाही. इतके हिवाळे गेले, पण तिला अजून कुणाचं डोकं लागलेलं नाही.